जामेच्या पात्रातला पळस

गणपती बसायच्या तीन दिवस आधी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सावरगावची माणसे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. शेंड्याला झेंडा बांधतात. पलीकडच्या काठावर पांढुर्णा. मग दिवसभर दोन्हीकडून गोटे सुटतात. पांढुर्ण्याचा एखादा गडी कुऱ्हाड घेऊन झाडापर्यंत पोचला आणि त्याने झेंडा काढला की जयजयकार होतो, झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. हीच गोटमार.

कथा आपल्यापैकी बहुतेकांनी आजीकडून ऐकली आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन पळाला. नदीत असतानाच दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघेही पाण्यातच गेली. म्हणून सावरगाव मुलीकडचे, पांढुर्णा मुलाकडचे. मुलीला नाव नाही, मुलाला नाव नाही, साल नाही. ते गोटे तर पुरांनी केव्हाच वाहून नेले असतील. दरवर्षी नवे वेचायचे, नवा पळस आणायचा. कथेची खूण तेवढीच.

दुसरी कथा भोसल्यांच्या काळाची: सैनिक इथे दगडफेकीचा सराव करीत. आम्हाला ती मागाहून जोडलेली वाटते. सरावाला पळस कशाला, आणि देवीला झेंडा कशाला?

पळसावरून आम्हाला मेढे आठवतात. वऱ्हाड-नागपूरकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्या मेढे. दुसऱ्या दिवशी पहाटे, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत, ते गावाबाहेर शिवेवर नेऊन टाकतात. नागपुरात मारबतीची मिरवणूक त्याच दिवशी निघते. सावरगाव-पांढुर्ण्याची शीव म्हणजे जाम. तोच दिवस, तोच पळस, तीच शीव. प्रेमकथा या जुन्या रीतीवर नंतर येऊन बसली असावी, असा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. साताऱ्याकडे सुखेड आणि बोरीच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना शिव्या घालतात, तो बोरीचा बारही शिवेवरचाच. तिथे निदान डोकी फुटत नाहीत.

इथे फुटतात. माणसे मेली आहेत, डोळे गेले आहेत. 1978 आणि 1987 मध्ये पोलिसांनी गोळीबार केला. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा गोट्यांकडे वळले. उत्तराखंडात देवीधुऱ्याच्या बग्वाळात 2013 पासून, न्यायालयाच्या आदेशानंतर, फळे-फुले आली. जामेवर अजून नाही. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला, 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी पोळ्याची कर चुकलेली नाही. बाहेर राहणाऱ्या आम्हा लोकांना याचा अभिमानही वाटतो. पण ज्या घरचा मुलगा जातो, त्या घरापुढे तो अभिमान कसा सांगायचा, हे आम्हाला सुचत नाही.

कथेचा शेवट मात्र आपण सांगताना हमखास गाळतो. दोघे मेल्यावर दोन्ही गावे वरमली, भांडण टाकून त्यांनी प्रेते मिळून उचलली आणि चंडीमातेपुढे नेऊन ठेवली. झेंडा संध्याकाळी त्याच देवळात जातो. डोके फुटलेले लोक अंगारा लावायला तिथेच येतात, सावरगावचेही आणि पांढुर्ण्याचेही.