तळटीप : ‘सोललेला अणू’

३. सोललेला अणू – शब्द लेखकाचा. पाठ्यपुस्तकात ‘उच्चप्रभारित आयन’ म्हणतात. मला लेखकाचाच बरा वाटतो. भांड्यांना कल्हई करतात ते कथील घ्या. त्याच्या अणूत ५० इलेक्ट्रॉन. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेत इलेक्ट्रॉनांच्या झोताने त्यातले ४९ उडवले आणि उरलेला आयन ‘अल्फाट्रॅप’ या पेनिंग सापळ्यात, चुंबकीय व विद्युत क्षेत्रांच्या जोरावर, कशालाही न टेकू देता अधांतरी धरला. एकट्या इलेक्ट्रॉनाला आता केंद्रकाचे प्रचंड विद्युत क्षेत्र सोसावे लागते : दर सेंटिमीटरला व्होल्ट किती, तर एकावर पंधरा शून्ये! त्याचा जी-घटक, म्हणजे चुंबकत्वाचे माप, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पुंज विद्युतगतिकीच्या गणिताशी जुळले. मोजमापातली अनिश्चितता अब्जात अर्ध्या भागाची. गणितातली मात्र त्याहून कितीतरी मोठी. – संपा.