मोतीशिंपला, गोड्या पाण्यातील : संवर्धन

थंड, स्वच्छ आणि चुन्याचा अंश कमी असलेल्या वाहत्या नद्यांत राहणारा द्विपुट मृदुकाय प्राणी. शास्त्रीय नाव मार्गारिटीफेरा मार्गारिटीफेरा. आयबेरियापासून रशियापर्यंत व उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात तो आढळतो. आयुष्य शंभर वर्षांहून अधिक असू शकते. महाराष्ट्रातील नद्या-तळ्यांतले लॅमेलिडेन्स प्रजातीचे शिंपले निराळ्या कुलातील आहेत. मात्र डिंभावस्थेत माशाचा आधार त्यांनाही लागतो.

या प्राण्यावरील संकट समजून घेण्यासाठी त्याचा जीवनक्रम पाहिला पाहिजे. मादी उन्हाळ्यात लाखो डिंभ पाण्यात सोडते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असलेला डिंभ सामन किंवा ट्राउट माशाच्या कल्ल्यापाशी पोहोचला, तर इवल्याशा झडपा मिटून तिथे चिकटतो. मासा न भेटल्यास थोड्याच दिवसांत मरतो. हिवाळा कल्ल्यातच जातो. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गळून पडलेले पिल्लू वाळू-गोट्यांत स्वतःला पुरून घेते व सुमारे पाच वर्षे तिथेच राहते. फटींतून खेळणाऱ्या पाण्यातला प्राणवायू हाच त्याचा आधार. शेतांतून आणि उघड्या पडलेल्या उतारांवरून आलेला बारीक गाळ नेमक्या याच फटी बुजवतो. पिल्ले गुदमरतात, तळावरचे प्रौढ शिंपले मात्र वर्षानुवर्षे जगत राहतात. त्यामुळे भरलेला तळ पाहून निर्धास्त होणे ही घोडचूक ठरते. शेकडो शिंपल्यांत एकही तरुण नसेल, तर ती वसाहत संपत चालली आहे.

धरणे व बंधारे माशांची वाट अडवतात. खतांमुळे शेवाळ माजते. मोत्यांची हावही जुनीच : सीझर ब्रिटनवर चालून गेला तो मोत्यांच्या आशेने, असे रोमन चरित्रकार स्वीटोनिअसने नमूद केले आहे. मोती बाहेरून ओळखता येत नाही. एका मोत्यापायी असंख्य शिंपले फोडले गेले. ब्रिटनमध्ये १९९८ पासून या प्राण्याला पूर्ण कायदेशीर संरक्षण आहे, तरी चोरटी शिकार होतेच.

आशेला सर्वांत मोठी जागा आहे ती त्याच्या दीर्घायुष्यात. म्हातारा शिंपलाही प्रजननक्षम राहतो, त्यामुळे थकलेल्या वसाहतीतूनही नवी पिढी निघू शकते. इंग्लंडमध्ये विंडरमियर सरोवराकाठच्या केंद्रात, निरनिराळ्या नद्यांतून आणलेल्या शिंपल्यांचे डिंभ माशांच्या कल्ल्यांवर वाढवून पिल्ले तयार केली जातात. शिवाय प्रौढ शिंपला दिवसाला सुमारे ५० लिटर पाणी गाळतो. तेव्हा त्याला जपणे मासेमारांच्याही हिताचे आहे. पैसा व मनुष्यबळ आधी काठावरची झाडे, कुंपणे आणि गाळ अडवणाऱ्या कामांवर खर्च व्हायला हवे. गाळ थांबलेला नाही अशा नदीत पिल्ले सोडणे व्यर्थ होय.