ग्नूकॅशमधील विदा-संचिकेची साठवण

ग्नूकॅश ही वैयक्तिक व लहान व्यवसायांच्या हिशोबासाठी वापरली जाणारी, द्विनोंदी पद्धतीवर आधारलेली मुक्त संगणक आज्ञावली आहे. तिची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. हिशोबाची संचिका कोठे ठेवायची हे वापरकर्ता स्वतः ठरवतो. नोंदींची सुरक्षितता व गोपनीयता बहुतांशी या निवडीवर अवलंबून असते.

स्वरूप

संचिका सामान्यतः एक्सएमएल स्वरूपात असते. एसक्यूलाइट, मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएल हे अन्य पर्याय होत. एक्सएमएलमध्ये बदल जतन केल्यावरच संचिकेत उतरतात. अन्य पर्यायांत ते तत्काळ नोंदले जातात.

जागेची निवड

एक्सएमएल संचिकेच्या जुन्या प्रती व व्यवहारनोंदींच्या संचिका त्याच फोल्डरमध्ये तयार होतात. त्यामुळे हिशोबासाठी स्वतंत्र फोल्डर सोयीचे ठरते. मात्र डिस्क निकामी झाल्यास मूळ संचिकेबरोबर या प्रतीही नष्ट होतात. म्हणून एक प्रत बाह्य डिस्कवर ठेवणे आवश्यक असते.

इंटरनेटवरील साठवणसेवेच्या फोल्डरमुळे संगणकाबाहेर प्रत राहते. परंतु एकच संचिका दोन संगणकांवर एकाच वेळी उघडल्यास परस्परविसंगत प्रती निर्माण होऊ शकतात. हे टाळण्यासाठी ग्नूकॅश कुलूप-संचिका निर्माण करते. ती दुसऱ्या संगणकावर उशिरा पोहोचल्यास हे संरक्षण अपुरे पडते.

गोपनीयता

ग्नूकॅश स्वतः संचिका कूटबद्ध करत नाही. ती ज्याच्या हाती पडेल त्याला सर्व व्यवहार वाचता येतात. सामाईक संगणकावर कूटबद्ध डिस्क वापरणे हा त्यावरील उपाय होय.