नवीकरणीय ऊर्जा व गावकीचा वाटा

ऊन, वारा, वाहते पाणी अथवा उसाचे चिपाड यांपासून वीज उत्पन्न करणारा प्रकल्प ज्या गावाच्या शिवारात उभा राहतो, त्या गावाला खंड, अनुदान, वीजपुरवठा किंवा भागभांडवलावरील उत्पन्न या रूपांनी होणारी प्राप्ती. ही प्राप्ती प्रकल्पाच्या पाठोपाठ आपोआप येत नाही. जमिनीवरील हक्क कोणाकडे राहिला आणि करारनाम्यात गावाचा उल्लेख कोणत्या कलमाने झाला, यांवर ती सर्वस्वी अवलंबून असते.

महाराष्ट्राने या प्रश्नाची पहिली बाजू फार लवकर पाहिली. मुंबईसाठी वीज निर्माण करण्याच्या हेतूने टाटा कंपनीने मुळशी येथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा आपली भातखाचरे पाण्याखाली जाणार हे ओळखून मावळातील शेतकऱ्यांनी 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, सत्याग्रह आरंभिला व सेनापती बापट त्यांचे अग्रणी झाले. सरकारने भूसंपादनाच्या कायद्याने जमिनी कंपनीस मिळवून दिल्या. वीज घाट उतरून गेली आणि मावळच्या वाट्यास एकरकमी मोबदला तेवढा उरला. पुढे पवनचक्क्यांच्या काळातही जेथे पठारावरची जमीन खरेदीखताने कायमची हातची गेली, तेथे रस्ता झाला, राखणदारीची चार कामे मिळाली. परंतु विजेच्या उत्पन्नाशी मूळ खातेदाराचा संबंध राहिला नाही.

या अनुभवाच्या तुलनेत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची रचना निराळी आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या व 2023 मध्ये विस्तारलेल्या या योजनेत उपकेंद्राच्या नजीक लहान सौर प्रकल्प उभारून त्यांची वीज त्याच परिसरातील शेतीपंपांच्या वाहिन्यांवर सोडली जाते. खाजगी जमीन भाडेपट्ट्याने घेतल्यास दर हेक्टरी वार्षिक 1,25,000 रुपये व त्यावर दरसाल 3 टक्के वाढ असा दर ठरलेला असून, सातबाऱ्यावरील मालकी शेतकऱ्याचीच राहते. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला सार्वजनिक कामांसाठी वार्षिक 5 लाख रुपये तीन वर्षे मिळावयाचे आहेत. प्रकल्पाच्या वीजखरेदीचा करार पंचवीस वर्षांचा असताना पंचायतीचे अनुदान मात्र तीन वर्षांत आटोपावे, हे या रचनेतील मोठे वैगुण्य होय. शिवार जितकी वर्षे गुंतले, तितकी वर्षे गावाचा वाटा चालू राहणे न्याय्य ठरले असते. शिवाय गायरानावर प्रकल्प आला की मेंढपाळाची व भूमिहीनाच्या जनावरांची चराई जाते. त्या वहिवाटीची सातबाऱ्यावर वैयक्तिक नोंद नसल्याने तिचे भाडे कोणाच्याच नावे लागत नाही. अनेक गावांचा गायरानावरील प्रकल्पांस जो विरोध होतो, त्याच्या मुळाशी हे कारण आहे आणि ते रास्त आहे.

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या ऊसकरी गावाच्या दृष्टीने या योजनेतील सर्वांत मोलाची गोष्ट भाड्याची रक्कम नव्हे, तर दिवसाची वीज होय. रात्रपाळीची वीज आली म्हणजे शेतकऱ्याने बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीपर्यंत जावयाचे, पेटी उघडून मोटर चालू करावयाची, आणि कमरेइतक्या उसात, पायाखाली काय आहे हे न दिसता, एका सरीचे पाणी दुसरीत वळवीत पहाट करावयाची. सर्पदंशाची व विजेच्या धक्क्याची भीती त्या कामास नित्य लागलेली असते. दिवसा दहा तास वीज मिळावी, या मागणीसाठी फेब्रुवारी 2022 मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरले गेले, ते याच हालअपेष्टांमुळे. सूर्यप्रकाश असतानाच निर्माण होणारी वीज शेजारच्या पंपाला त्याच वेळी मिळणे, हा लाभ जमीन न देणाऱ्या शेतकऱ्यालाही पोहोचतो.

याहून पुढची पायरी मालकीची. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ समुद्रात 2000 साली उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडन पवनप्रकल्पाची निम्मी मालकी 8,500 हून अधिक भागधारकांच्या सहकारी संस्थेकडे होती. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावी सौरपंपधारक शेतकऱ्यांनी 2016 मध्ये सहकारी मंडळी स्थापून उरलेली वीज विकावयास आरंभ केला. कोल्हापुरास ही कल्पना परकी नाही. येथील सहकारी साखर कारखान्यांत चिपाडावर सहवीजनिर्मिती होते व कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकली जाते. त्या उत्पन्नातील किती अंश ऊसदरात यावा, याविषयी शेतकरी संघटना व कारखानदार यांच्यात वाद आहे खरा; परंतु सभासद वार्षिक सभेत उभा राहून हिशेब मागू शकतो, ही सोय भाडेपट्ट्यात नाही.

गडमुडशिंगी येथे ज्याचा पशुखाद्य कारखाना आहे, त्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने, म्हणजे ‘गोकुळ’ने, स्वतःच्या विजेसाठी 6.5 मेगावॅटचा सौर प्रकल्प सोलापूर जिल्ह्यातील लिंबेवाडी (ता. करमाळा) येथे उभारला आहे. तेथे मालक कोल्हापूरचे दूध उत्पादक आहेत आणि शिवार करमाळ्याचे आहे. म्हणून जो वाटा कोल्हापूरचा शेतकरी आपल्या गावासाठी मागतो, तोच लिंबेवाडीच्या गावकीस देण्याचे दायित्व येथे त्याच्याच संघाकडे येते.