सुप्याची होळी आणि आपला कागद

१२ मे १८७५ रोजी बारामतीजवळच्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. हे लोण इंदापूर तालुक्यातही गेले. निरक्षरांना कागदानेच बांधले होते, म्हणून संताप कागदावर निघाला.

१ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' साप्ताहिक काढले. कागद प्रथमच कष्टकऱ्यांच्या बाजूने बोलू लागला. परंतु बहुजनांचे पत्र म्हणजे अस्पृश्यांचे पत्र नव्हे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघाले, तेव्हा त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही.

जाहिरातींवर पोसलेले पत्र आज फुकट मिळेलही. पण फुकट म्हणजे मुक्त नव्हे. सावकाराचा रोखा जाळता येतो; आपला कागद मात्र आपणच लिहावा लागतो.