वावडं

'ॲलर्जी' हा शब्द आमच्या लहानपणी नागपुरात कोणाच्या तोंडी नव्हता. शब्द होता 'वावडं'. अमक्याला वांग्याचं वावडं, तमकीला अंड्याचं. ते कळलं की वाढणारी बाई मुकाट्याने पुढच्या पानाकडे वळायची. मात्र हा मान फक्त मोठ्यांना. लहान मुलाने तोंड फिरवलं की ती 'नाटकं'. मग मांडीवर आडवं घ्यायचं, नाक दाबायचं आणि घास आत. पंक्तीत पाहुण्याच्या शब्दावर जेवढा विश्वास, तेवढा पोराच्या बंद ओठांवर कधीच नव्हता.

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून या शब्दांची कुळकथा शोधायला बसले. १९०२ साली रिशे आणि पोर्तिए या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना एका समुद्री जिवाचं विष थोडं थोडं टोचलं. समजूत अशी की लस दिल्यासारखी सवय होईल. झालं उलटंच. पहिला डोस सोसलेली कुत्री काही आठवड्यांनी त्याहून लहान डोसाने मेली. या प्रकाराला त्यांनी 'ॲनाफायलॅक्सिस' म्हटलं, आणि १९१३ साली रिशेंना नोबेल मिळालं. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी घडवला. ते मुलांचेच डॉक्टर होते.

मला सगळ्यात भावली ती १९०८ सालची 'लॅन्सेट'मधली हकिगत. तेरा वर्षांचा एक मुलगा, अंड्याचा अंश पोटात गेला तरी अंगावर गांधी आणि दमा. डॉ. स्कोफिल्ड यांनी त्याला गोळीतून कच्चं अंडं दिलं, पण किती? सुरुवातीला एका अंड्याचा दहा हजारावा भाग! हळूहळू मात्रा वाढवली आणि काही महिन्यांनी मुलगा अंडं खाऊ लागला. (हा प्रयोग घरी करायचा नाही, हे सांगून ठेवते. आजही तो तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करतात.)

पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की ज्यांच्या घराण्यात ॲलर्जी आहे अशा मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ साली तोच सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी एक तुलना छापून आली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या मुलांच्या दहापट होती, आणि इस्रायलमधली बाळं लहानपणापासून दाण्याचा खाऊ खातात. मग लंडनमध्ये ६४० बाळांवर प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१५ साली आला. चार ते अकरा महिन्यांत शेंगदाणा सुरू केलेल्यांत ॲलर्जी कितीतरी कमी. पण ज्यांच्या त्वचेची चाचणी जोरात उमटली होती, त्या बाळांना प्रयोगात घेतलंच नव्हतं. वर्तमानपत्रांतून नेमकं हेच वाक्य गळतं.

आपल्याकडे सुश्रुताने सहाव्या महिन्यात हलकं, हितकर अन्न सुरू करायला सांगितलं आहे. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्यात अन्न. म्हणजे हा वाद आपल्यालाही नवा नाही.

हे सगळं शोधायचं कारण शेजारचा अडीच वर्षांचा नातू. वेळेआधी जन्मलेला, बरेच दिवस नळीने दूध घेतलेला. घास तोंडाजवळ आला की अंग चोरायचा. त्याची फीडिंग थेरपी चालू आहे. आधी पदार्थ हाताळायचा, मग हुंगायचा, मग जिभेला लावायचा, महिनोन्‌महिने. त्यात त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. आजी मला म्हणाल्या, "चिमूटभर कुटाने काय होतंय हो?" मी त्यांना कुत्र्यांची गोष्ट सांगितली.

आपल्या स्वयंपाकघरात कूट कुठे नसतं? साबुदाण्याच्या खिचडीत, कोशिंबिरीत, भाजीत. थेरपीत हात बरबटवून खेळायचं असतं, म्हणून ताटात काय आहे ते थेरपिस्टलाही आधी माहीत हवं. त्या घरी आता नवा पदार्थ एका वेळी एकच, सकाळी, बाळ ठणठणीत असतानाच. डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲड्रेनलिन हाताशी, कारण श्वास अडकला तर नुसत्या खाजेच्या औषधाने भागत नाही. आणि एक वही. बाळाने तोंड फिरवलं की काय होतं, किती होतं, ओठ लाल झाले का, हे त्यात लिहायचं. जिभेला खाज सुटते हे अडीच वर्षांचं लेकरू कसं सांगणार? ते तोंडच फिरवणार.

उलट बाजूही आहे. कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका पाहणीत रक्ततपासणीत चौथाईहून जास्त लोक कशाना कशाला 'पॉझिटिव्ह' निघाले, पण अन्नाची खरी ॲलर्जी असावी असे सव्वा टक्क्याच्या आसपास. मूल जेमतेम पाच पदार्थ खातं आणि कागद बघून त्यातले तीन बंद करायचे, हा केवढा अन्याय! म्हणून नुसत्या अहवालावरून काही काढू नये, डॉक्टरांसमोर खायला घालून खात्री करून घ्यावी.

२०२०च्या नियमांनी पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडं वगैरे स्पष्ट छापणं बंधनकारक झालं. त्या यादीत तीळ मात्र नाही. आणि घरोघरी वळलेल्या तिळगुळाच्या लाडवाला कुठलं आलंय पाकीट? त्यात कूट असतंच. यंदा संक्रांतीला आजींनी दारातच सगळ्यांचे लाडू डब्यात ठेवून घेतले आणि नातवाच्या हातावर स्वतः केलेली खोबऱ्याची वडी ठेवली. त्याने ती हुंगली, कोपरा चाटला आणि परत दिली. आजींनी वहीत तेवढंच लिहिलं.