यंत्रनिर्बंध आणि एकमताचा प्रश्न

अर्धसंवाहक-निर्मितीच्या यंत्रांवरील निर्बंध हे 2022 सालचे नवे शस्त्र होय, हा समज इतिहासाला धरून नाही. 1949 साली स्थापन झालेल्या पाश्चात्त्य राष्ट्रांच्या ‘कोकॉम’ समितीत (तिला लिखित तहाचा आधार नव्हता, हे विशेष) निषिद्ध यंत्र सोव्हिएत गटास अपवाद म्हणून विकावयाचे झाल्यास सर्व सदस्यांचे एकमत लागे. 1994 साली ती विसर्जित झाली. 1996 पासूनच्या वासेनार व्यवस्थेत निर्णय ज्या त्या राष्ट्राच्या स्वाधीन राहिला. त्यामुळे ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने चीनविरुद्ध एकटीनेच नियम केले. परंतु सिलिकॉनवर प्रकाशाने विद्युत्मंडले उमटविणारी प्रगत यंत्रे मुख्यतः नेदरलँड्स व जपान येथे बनतात. त्यांची मनधरणी क्रमप्राप्त होती. जपानचे नियम जुलै 2023 मध्ये, नेदरलँड्सचे सप्टेंबरमध्ये अमलात आले.